झिलई : शिकलगारापासून लाल परीपर्यंत

खंडेनवमीला आणि दसऱ्याला आपल्याकडे शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. शेतकरी औत धुतो, सुतार रंधा-पटाशी मांडतो, शिंपी मशीन पुसतो आणि एसटीच्या आगारात चालक-वाहक गाड्या धुऊन त्यांना झेंडूचे हार घालतात. वर्षभर धुळीने माखलेली गाडी त्या दिवशी बघण्यासारखी दिसते. जुन्या काळी या सणाआधी गढीतल्या आणि वाड्यातल्या तलवारी, कट्यारी, भाले एका ठरावीक कारागिराकडे जात. गंज काढायचा, पाते घासायचे, धार लावायची आणि तोंड दिसेल इतके लखलखीत करून परत द्यायचे, हे त्याचे काम. त्याला शिकलगार म्हणत.

पूजेत तलवारीच्या जोडीला गाडी आली, पण कारागिरापुढचा प्रश्न बदलला नाही. जी वस्तू ऊन, पाऊस, धूळ सोसत उघड्यावर राहते, तिची गेलेली चमक परत कशी आणायची? युरोप-अमेरिकेत चाकांवरचे घर घेऊन हिंडणाऱ्यांना हा प्रश्न रोज पडतो. आपल्याकडे अशी घरे फारशी नाहीत. आपली सर्वांची मिळून असलेली गाडी म्हणजे एसटी. म्हणून तिच्या अंगावरच्या रंगाचा आणि चमकेचा इतिहास आपल्या धाराशिव जिल्ह्यातून बघावा, असे वाटले. विषय किरकोळ वाटेल. पण राज्ये, सीमा आणि गावांची नावे यांच्या उलथापालथी गाडीच्या पत्र्यावरही उमटतात, हे पुढे दिसेल.

सुरुवात शब्दांपासून करतो, कारण भाषा शिकवणाऱ्याला पहिले तेच दिसतात.

‘शिकलगार’ हा शब्द अरबी ‘सैकल’ आणि फारसी ‘गर’ यांचा बनला आहे. सैकल म्हणजे धातू घासून चमकवणे, आणि गर म्हणजे ते करणारा. सैकलगरचा मराठी जिभेवर शिकलगार झाला. आज हे आपल्या भागातल्या कितीतरी मुस्लिम घरांचे आडनाव आहे. पंजाबकडच्या सिकलीगर शिखांचे नावही याच मुळातून आले. म्हणजे शब्द धर्माचा नसून धंद्याचा आहे.

‘झिलई’ हा शब्द अरबी ‘जिला’वरून आला, अर्थ उजळणे. ‘कल्हई’चे मूळ अरबी ‘कलई’ म्हणजे कथील. ‘मुलामा’ही अरबीच, वरून दिलेला चकचकीत थर. ‘रोगण’ फारसी, मूळ अर्थ तेल; आपल्याकडे त्याचा अर्थ तेलात कालवलेला रंग किंवा वार्निश असा झाला. त्यांच्या शेजारी ‘ओप’ आणि ‘उजाळा’ हे आपल्या मातीतले शब्दही आहेत. मराठी माणूस भांड्याला कल्हई करतो, दाराला रोगण देतो, दागिन्याला ओप देतो आणि आठवणींना उजाळा देतो. हे शब्द कुठून आले हे विचारायला तो थांबत नाही. थांबण्याचे कारणही नाही.

पण या शब्दांत एक फरक दडलेला आहे, आणि पुढचा सगळा लेख त्या फरकावर उभा आहे. कल्हई, मुलामा आणि रोगण हे वरून चढवायचे थर आहेत. सैकल आणि झिलई म्हणजे वरचा मेलेला थर काढून आतले जिवंत अंग उघडे करणे. पहिल्यात आपण काहीतरी घालतो, दुसऱ्यात काहीतरी काढतो. चमक दोन्हींनी येते, पण कधी काय करायचे हे कळणे हीच कारागिरी.

यातही एक पोटप्रश्न आहे. निस्तेज दिसणारा प्रत्येक थर मेलेला असतो का? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातून गेलेल्या एका तोफेकडे आहे. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ओतणारा होता मुहम्मद बिन हसन रूमी, म्हणजे तुर्की मुलखाकडचा उस्ताद. ही तोफ पुढे आपल्या परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये ती विजापूरला नेली गेली. सुमारे ५५ टनांची ही तोफ आज पावणेपाचशे वर्षांनंतरही विजापूरच्या बुरुजावर उघड्या आभाळाखाली उभी आहे. तिच्या अंगावर कोणी रंग दिलेला नाही. तरी ती गंजून गळून पडली नाही, कारण ती तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूची आहे. अशा धातूवर हवेने काळपट-हिरवी साय धरते आणि ती साय आतल्या धातूचे रक्षण करते. जुनी वस्तू ‘साफ’ करायच्या उत्साहात ती खरवडली, तर आपण तिचे चिलखतच काढून घेतो.

लोखंडाचे उलटे आहे. लोखंडाचा गंज सच्छिद्र आणि भुसभुशीत असतो. त्यातून पाणी आणि हवा आत जातच राहतात आणि गंज खालचे लोखंड खात खाली उतरतो. म्हणून तलवारीला शिकलगार लागतो.

शेजारच्या बिदरच्या कामात तिसरा प्रकार दिसतो. बिदरी भांडे मुख्यतः जस्ताचे, त्यात थोडे तांबे आणि अंगात जडवलेली चांदी. नवसागर आणि किल्ल्यातली जुनी माती यांच्या लेपाने जस्ताचे अंग काळे होते आणि चांदी तशीच पांढरी राहते. तो काळा रंग मळ नाही, तो मुद्दाम आणलेला असतो. म्हणून जाणकार बिदरी वस्तूला तेलाचे बोट फिरवतो, तिचा काळेपणा घासून काढत नाही.

तोफेची साय रक्षण करते, तलवारीचा गंज खातो आणि बिदरीचा काळा रंग म्हणजेच तिचे काम. वरून तिन्ही मंदच दिसतात. हात लावण्याआधी कोणता थर कसला आहे हे ओळखावे लागते. गाडीच्या पत्र्यालाही हाच नियम लागू आहे.

आता गाडीकडे येऊ. मोटारीच्या आधी आपल्याकडे बैलगाडी होती, दमणी होती, टांगा होता. सगळे लाकडी. लाकडाला उन्हाने तडा जातो आणि पाण्याने ते फुगते. त्यावर जुना इलाज तेलाचा. आपल्या काळ्या जमिनीत रब्बीला जवस होते. आपण त्याची चटणी खातो, पण रंगाच्या इतिहासात जवसाचे स्थान चटणीपेक्षा मोठे आहे. जवसाचे तेल खोबरेल किंवा एरंडेल यांच्यासारखे कायम ओले राहत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते हळूहळू घट्ट होते आणि त्याची पारदर्शक, चिवट कातडी बनते. त्यात रंगाची भुकटी मिसळली की तैलरंग तयार. जगभरच्या बग्ग्या, रेल्वेचे डबे आणि पहिल्या मोटारी याच तेलाच्या रंगाने आणि वार्निशने चमकल्या. काम मात्र फार सावकाशीचे होते. एक हात द्यायचा, दिवसेंदिवस वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा दुसरा हात. एका गाडीचा रंग पुरा व्हायला काही आठवडे जात. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ‘ड्युको’ हा झटपट वाळणारा रंग मोटारींवर आला, तेव्हा कुठे हे काम आठवड्यांवरून दिवसांवर आले.

याच काळात आपल्या भागात मोटारवाहतूक रुजत होती. आपला जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून त्याचे नाव उस्मानाबाद होते. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने रस्ते वाहतुकीचा वेगळा विभाग सुरू केला. सुरुवातीला त्याच्याकडे २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी होते. सरकारी पातळीवर प्रवासी बस चालवण्याचा हा भारतातला अगदी सुरुवातीचा प्रयोग. त्या काळातली स्कॉटलंडच्या ‘अल्बियन’ कंपनीची एक बस हैदराबादेत जतन करून ठेवलेली आहे. या विभागाची मालक रेल्वे होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. रेल्वेत गाडी विकत घेण्याइतकेच तिला दुरुस्त करणे आणि ठरल्या वेळी रंगवणे हेही मालकाचे काम मानले जाते.

त्या विभागाची एक खूण आजही आपल्या रस्त्यावर दिसते. नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर तेलंगणाच्या सरकारी बसचा नंबर बघा. त्यात ‘झेड’ हे अक्षर असते. निजामाच्या आई जहरा बेगम यांच्या नावावरून हे अक्षर आले, असे सांगितले जाते. संस्थान गेले, राज्ये दोनदा बदलली, बसचे रंग अनेकदा बदलले, पण अक्षर राहिले.

सीमेपलीकडे मुंबई इलाख्यात गोष्ट थोडी उशिरा सुरू झाली. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. सुरुवातीच्या ३० गाड्या ‘बेडफर्ड’ कंपनीच्या, अंग लाकडी, आसने काथ्याची. रंग निळा आणि टप चंदेरी. तेव्हा बार्शी आणि सोलापूर मुंबई इलाख्यात होते आणि त्यांना लागून असलेला आपला जिल्हा हैदराबादेत. त्या जूनमध्ये ही सीमा अजून खरी सीमा होती. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि हैदराबाद भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५१ ला निजामाच्या रेल्वेचा रस्ते विभाग हैदराबाद राज्य सरकारच्या ताब्यात गेला. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचनेत मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १९६१ मध्ये मुंबई राज्याची एसटी, मराठवाड्याची वाहतूक सेवा आणि विदर्भाची सेवा एकत्र येऊन आजचे महामंडळ उभे राहिले. म्हणजे आपल्या एसटीच्या वंशावळीत पुण्याची निळी बस आहे, तशी हैदराबादची अल्बियनही आहे. पहिली सर्वांना पाठ असते, दुसरीचा उल्लेख क्वचित होतो.

बसचा लाल रंग नंतरचा, आणि तोही एकटा आला नाही. लाकडाच्या जागी आधी पोलादी पत्रा आला. पोलाद मजबूत, पण गंजणारे. कोकणच्या खाऱ्या हवेत तर ते फारच लवकर खराब होई. म्हणून १९६० च्या सुमारास ॲल्युमिनियमची बांधणी आली आणि निळा-चंदेरी रंग जाऊन लाल आला. पुढे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत सांगाड्यावर पत्रे ठोकून बस उभ्या राहू लागल्या. आपल्या मराठवाड्याची कार्यशाळा चिकलठाण्याची. मिस्त्री ज्याला ‘रिबिट’ म्हणतात, त्या रिव्हेटच्या रांगा जुन्या एसटीच्या अंगावर हाताला लागत.

ॲल्युमिनियमची गंमत तोफेसारखीच आहे. घासलेला ॲल्युमिनियमचा पत्रा हवेत ठेवला की त्यावर डोळ्याला न दिसणारी कातडी लगेच धरते. ती त्याला वाचवते, पण त्याची चमक मंद करते. अमेरिकेत १९३६ पासून ‘एअरस्ट्रीम’ नावाच्या चाकांवरच्या घरांची बांधणी याच पद्धतीने होत आली, रिव्हेट मारलेले ॲल्युमिनियम आणि त्यावर रंग नाही. त्यांचे हौशी मालक ती आरशासारखी दिसावीत म्हणून सुट्ट्या खर्चून घासतात. काही महिन्यांत हवा पुन्हा आपली कातडी चढवते आणि मालक पुन्हा घासायला बसतो. एसटीला हे परवडणारे नव्हते. तिने ॲल्युमिनियमवर लाल रंग चढवला. म्हणून आपला खरा प्रश्न त्या लाल रंगाचा आहे.

जुन्या एसटीला टेकून उभे राहिल्यावर पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर उमटणारा लाल पट्टा आपल्या पिढीने पाहिलेला आहे. लग्नाला निघालेल्या कितीतरी नेहरू शर्टांनी ही खूण मिरवली आहे. तो पट्टा म्हणजे पुरा रसायनशास्त्राचा धडा आहे. रंगात दोन गोष्टी असतात. एक रंगाची भुकटी आणि दुसरी तिला धरून ठेवणारी चिवट कातडी, जी पूर्वी जवसाच्या तेलाची असे आणि आता कारखान्यात बनते. उन्हातले अतिनील किरण या कातडीचे धागे तोडतात. आपल्या पर्जन्यछायेच्या जिल्ह्यात वर्षातले बरेच महिने आभाळ कोरडे असते आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. धागे तुटले की वरच्या थरातली भुकटी सुटी होते. रात्रीच्या दवाने आणि दिवसाच्या तापाने हे वाढत जाते. गुळगुळीत पृष्ठभाग खडबडीत झाला की त्यावरून उजेड विखुरतो आणि लाल रंग गुलाबट-पांढुरका दिसू लागतो. टप आणि बॉनेट हे आडवे भाग ऊन थेट झेलतात, म्हणून ते आधी जातात. खिडकीखालची बाजू त्यामानाने तग धरते.

मग चमक परत कशी येते? पद्धत जगभर तीच आहे, गाडी एसटी असो, ट्रक असो की परदेशातले फायबरचे घर.

आधी सावलीत धुणे. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळतो आणि डाग धरतो. आपल्या बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके तर सर्वांच्या ओळखीचे आहेत, म्हणून धुतले की लगेच पुसावे. ॲल्युमिनियमच्या अंगाला कॉस्टिक सोडा लावू नये, तो धातूच खातो. लोखंडी काथ्याही वापरू नये. त्याचे कण पत्र्यात रुततात, गंजतात आणि तांबडे ठिपके उठतात.

नंतर परीक्षा. ओले काळे फडके एका कोपऱ्यावर घासून बघायचे. फडक्याला रंग लागला आणि खाली गडद लाल दिसला, तर वरचा थर मेला आहे पण आतला जिवंत आहे. अशा गाडीला रंगाची गरज नाही, झिलईची आहे. बारीक घासणारे कंपाउंड घेऊन थोड्या थोड्या जागेवर फिरवत मेलेली भुकटी काढायची. इथे हात आवरता लागतो, कारण गाडीवरचा सगळा रंग मिळून साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढाच जाड असतो. कडा आणि कोपरे यांवर तो त्याहून पातळ. दोन हात जास्त मारले की खालचा प्रायमर दिसतो. फायबरच्या गाडीवर ‘जेलकोट’ नावाचा थर असतो. तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असल्याने तिथे थोडी मोकळीक मिळते.

शेवटी मेणाचा हात. कंपाउंडने आलेली चमक उघडी असते. मेण तिच्यावर पाणी आणि धूळ टिकू देत नाही, आणि ते झिजते म्हणून वर्षातून दोन-तीनदा द्यावे लागते.

आणि फडक्याखाली रंगच उरला नसेल, पापुद्रे निघत असतील, तर झिलईचा उपयोग नाही. तिथे पॉलिश पेपरने खालपर्यंत घासा, पत्र्याला धरणारा प्रायमर द्या, लांबी भरा, पुन्हा घासा आणि मग रंग मारा. मेलेल्या भुकटीवर थेट नवा रंग मारणारा पेंटर तुमचे पैसे वाचवत नाही. भुकटीला धरून बसलेला रंग भुकटीसोबतच पडतो, बहुधा पहिल्याच पावसाळ्यानंतर.

चौथा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो, तो म्हणजे डिझेलचा किंवा रॉकेलचा बोळा. फिरवला की गाडी क्षणात गडद आणि ओली-चकचकीत दिसते. दुपारपर्यंत त्याच तेलकटपणावर रस्त्यावरची सगळी धूळ येऊन बसते आणि रंगाची कातडी आणखी मऊ पडते. फोटोपुरती चमक हवी असेल तर हा उपाय आहे.

मौलाना रूमींच्या ‘मसनवी’त चिनी आणि रूमी चित्रकारांची एक गोष्ट आहे. दोघांत श्रेष्ठ कोण, असा वाद होतो. बादशहा दोघांना समोरासमोरच्या खोल्या देतो. चिनी चित्रकार शेकडो रंग मागवतात आणि अप्रतिम चित्र काढतात. रूमी एकही रंग घेत नाहीत. ते फक्त भिंत घासत राहतात. मधला पडदा उघडतो तेव्हा समोरचे सगळे चित्र त्या घासलेल्या भिंतीत उमटते, मूळ चित्राहूनही सुंदर. सूफींनी ही गोष्ट मनाच्या आरशासाठी सांगितली. पण शिकलगाराच्या नजरेने ती जशीच्या तशी कारागिरीचीही गोष्ट आहे. रंग चढवणे दिसते, लोक त्याला दाद देतात. घासणे दिसत नाही, त्याचा फक्त परिणाम दिसतो.

इथे मला आपल्या गावाच्या नावाबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळून उस्मानाबादचे नाव धाराशिव झाले. न्यायालयात आव्हाने झाली, ती फेटाळली गेली. बसच्या पाट्या, आगाराचे फलक, शाळांचे शिक्के बदलले. या बदलाने काहींना आनंद झाला, काहींना दुःख झाले. मी दोन्ही प्रकारच्या माणसांसोबत राहतो. इतिहास सांगणाऱ्याला मात्र थर ओळखावे लागतात. धाराशिव हे नाव कोणी काल तयार केलेले नाही. निजामाच्या काळाआधीही गावाचे ते नाव होते आणि गावाजवळची प्राचीन लेणी आजही त्याच नावाने ओळखली जातात. उस्मानाबाद हे नावही नुसता वरचा मुलामा नव्हता. त्या नावाने शंभर वर्षे माणसे जन्मली, त्यांना दाखले मिळाले, जमिनी नोंदल्या गेल्या, पत्रे आली. जुनी अक्षरे न घासता त्यांवर नवी रंगवली, तर तिरप्या उन्हात खालच्या अक्षरांच्या कडा दिसतात, हे कोणताही पेंटर सांगेल. त्या दिसल्या म्हणून नवी अक्षरे खोटी ठरत नाहीत, आणि वर रंग लागला म्हणून खालची कधी नव्हतीच असेही होत नाही. पाटीवर कोणते नाव असावे हे सरकार ठरवते. खाली काय काय होते ते मुलांना सांगणे शिक्षकाचे काम आहे. ते न सांगता पुढे जाणे म्हणजे भुकटीवर रंग मारणे.

परत गाडीकडे. चमकेचीही मर्यादा आहे. झिलई म्हणजे फिटनेस नव्हे. ब्रेक, टायर आणि चासी यांना कंपाउंड लागत नाही. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपेक्षा जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले. त्यात राज्य परिवहन महामंडळांच्या बसही आल्या. धूर आणि अपघात यांचा विचार करता हे योग्यच आहे. पण त्या १५ वर्षांच्या आत गाडी कशी राखायची, हा प्रश्न त्याने सुटत नाही. उलट तिथेच खरी परीक्षा आहे. वेळेवर धुतलेली, घासलेली, मेणाचा हात मिळालेली गाडी आठव्या वर्षी नवीसारखी दिसू शकते, आणि न राखलेली गाडी तिसऱ्याच वर्षी प्रवाशाच्या शर्टावर उतरते. प्रवाशाला पहिली गोष्ट गाडीचे अंगच दिसते. आपली गाडी फाटकी, गुलाबट, पापुद्रे निघालेली असली की खेड्यातला माणूस त्यातून स्वतःची किंमत वाचतो. सरकारने आपल्याला काय लेखले, ते त्याला पत्र्यावर दिसते. तुळजापूरच्या नवरात्राला आणि धाराशिवच्या ख्वाजा शमसुद्दीन गाजी यांच्या उरुसाला येणारी माणसे याच गाड्यांतून येतात. चांगल्या दिसणाऱ्या गाडीवर दोघांचाही सारखाच हक्क आहे.

दुसरा प्रश्न हाताचा आहे. शिकलगाराचा धंदा तलवारीसोबत गेला. काहीजण कात्र्या आणि सुऱ्यांना धार लावू लागले, आडनाव राहिले. कल्हईवाला स्टीलच्या भांड्यांनी घालवला. गाडीच्या रंगाचे काम मात्र वाढते आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशा गाड्या आज आपल्या जिल्ह्यात विरळाच. पण नळदुर्गचा पाणीमहाल, परंड्याचा किल्ला आणि तुळजापूर एका फेरीत बघायला निघालेल्या कुटुंबाला चाकांवरचे घर सोयीचे आहे. उद्या त्या गाड्या आपल्या उन्हात उभ्या राहतील तेव्हा त्यांचा जेलकोटही याच नियमाने पांढुरका पडेल. तेव्हा त्यांना हात लावणारा कारागीर इथला असेल का? आमच्या मुलांना डेंटिंग-पेंटिंगचे काम कमीपणाचे वाटते, कारण त्याला धडा नाही, प्रमाणपत्र असले तरी मान नाही. ज्या समाजात धातू चमकवणाऱ्याचे आडनाव पिढ्यानपिढ्या टिकले, तिथे त्या हुनराचा मान टिकू नये, ही खरी खंत आहे. आयटीआयमध्ये जाणाऱ्या मुलाला कंपाउंडचा डबा हातात देताना सैकल या शब्दाचा अर्थही सांगितला, तर कदाचित तो ते काम वेगळ्या हाताने करील.

मराठीत ‘उजाळा’ हा शब्द तांब्याच्या घागरीला चालतो आणि आठवणीलाही. उर्दूत ‘जिला’ आरशाला चालते आणि दिललाही. दोन्ही भाषांना न ठरवता एकच गोष्ट कळलेली दिसते. चमक बाहेरून आणावी लागत नाही, बऱ्याचदा ती आत असते. वर काय साचले आहे, त्यातले काय खाते आहे आणि काय राखते आहे, हे ओळखायचे आणि तेवढेच काढायचे. बाकीचे काम धीराच्या हाताचे आहे.